पाण्यासारखं वाजवायचं म्हणजे नक्की काय करायचं?

पंपवाला

नमस्कार मंडळी. संगीतातलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. दोन वर्षं बासरीच्या क्लासला गेलो आणि यमनच्या पुढे सरकलो नाही. पोटापाण्यासाठी पंप बसवतो. 'पोटापाण्यासाठी' हा शब्द माझ्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. गेलं दीड वर्ष मुक्काम चीनमध्ये, वूशी शहरात, थायहू तलावाच्या बाजूला.

आमच्या वर्कशॉपमध्ये एक म्हातारे फिटर आहेत. सगळे त्यांना शिफू म्हणतात, म्हणजे उस्ताद, म्हणून मीही म्हणतो. सकाळी बागेत अर्हू वाजवतात. अर्हू म्हणजे दोन तारांचं, मांडीवर उभं धरून गजाने वाजवायचं वाद्य. त्यांच्याकडे एका मैफलीचं जास्तीचं तिकीट होतं, ते त्यांनी माझ्या हातात कोंबलं. चिनी वाद्यांचा मोठा वाद्यवृंद, ऐंशीच्या आसपास माणसं, समोर काठी घेतलेला कंडक्टर. शेवटची रचना नवीन होती आणि तिचं नाव लाओत्झूच्या (ताओ मताचा प्राचीन चिनी गुरू) एका ओळीवरून ठेवलेलं. छापील पत्रिकेत ओळीचा अर्थ दिला होता, तो मी माझ्या तोडक्यामोडक्या चिनीत असा लावला: सर्वात उत्तम चांगुलपणा पाण्यासारखा असतो. पाणी सगळ्यांच्या उपयोगी पडतं, कोणाशी भांडत नाही, आणि लोकांना नकोशा वाटणाऱ्या जागी जाऊन राहतं.

वाचून बरं वाटलं. मग वाजायला लागलं. गूझंगवर (आडवं, बऱ्याच तारांचं वाद्य, आपल्या स्वरमंडळाच्या जातीचं) बोटं सरसर वर, सरसर खाली. एकाने बांबूच्या नळीत खडे घोळवून पाऊस पाडला. एक मुलगी काचेच्या भांड्यातलं खरं पाणी ओंजळीने उचलून परत सोडत होती, त्यावर निळा दिवा. आणि शेवटी सगळ्या स्वोना एकदम! स्वोना म्हणजे सनईची चुलत बहीण, पण स्वभावाने तिखट. मी तिसऱ्या रांगेत होतो. भांडत नाही म्हणतात ते पाणी हेच का, असं मनात आलं.

आता माझी अडचण. संगीत कळत नसलं तरी पाणी मला थोडंफार कळतं. पंपात एखाद्या जागी दाब फार कमी झाला की पाण्यात वाफेचे बुडबुडे धरतात. पुढे दाब वाढला की ते बुडबुडे मिटतात, आणि मिटताना पात्याला असा फटका देतात की पोलादाचे कण उडतात. काही महिन्यांत पातं देवीचे व्रण आल्यासारखं दिसतं. शिफूंनी असं एक कुरतडलेलं पातं दाराला अडसर म्हणून ठेवलंय. लाओत्झूचं आणखी एक वचन मी त्यांना विचारलं, अठ्ठ्याहत्तराव्या प्रकरणातलं, की पाण्याइतकं मऊ काही नाही आणि कठीण वस्तूवर त्याच्याइतका मारा कोणी करू शकत नाही. त्यांनी काही न बोलता पायाने ते पातं थोडं पुढे सरकवलं.

पाणी पोलाद खात असतं तेव्हा आवाज कसा येतो माहीत आहे? पाइपातून खडी वाहतेय असा. गूझंगसारखा अजिबात नाही.

तर प्रश्न असा. या चिनी वाद्यवृंदाच्या संगीतात ताओचं पाणी खरंच कुठे असतं का, की ते फक्त पत्रिकेत असतं? आणि असलंच तर माझ्यासारख्याने कान नेमका कुठे लावायचा? पुढच्या महिन्यात पुन्हा मैफल आहे. शिफू परत तिकीट देणार, आणि 'कसं वाटलं' असं विचारणार हेही नक्की.

---

मध्यलय

मस्त धागा. वाचनखूण साठवली.

चिनी वाद्यवृंदाबद्दल माझं ज्ञान शून्य, त्यामुळे मूळ प्रश्नाला बगल देऊन एक गोष्ट फक्त नोंदवतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यावर चीनतर्फे एकच तुकडा आहे, आणि तो पाण्याचाच: ग्वान फिंगहू यांनी गूछिनवर (सात तारांचं जुनं चिनी वाद्य) वाजवलेलं 'वाहतं पाणी'. साडेसात मिनिटांच्या वर आहे. आणि तबकडीवर त्याच्या लगेच पुढे कोण? आपल्या केसरबाई केरकर. 'जात कहाँ हो', भैरवी.

म्हणजे ते पाणी वाहायचं थांबतं आणि केसरबाई विचारतात, कुठे निघालास? हा क्रम लावणाऱ्याच्या मनात असलं काही असेल असं वाटत नाही, पण मी दोन्ही लागोपाठ ऐकतो तेव्हा दर वेळी हसू येतं.

बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

सातवी_तार

मध्यलय, तुम्ही माझ्या वाद्याचं नाव घेतलंत, आता गप्प बसवत नाही. मी सहा वर्षं सूचौला होते, त्यातली साडेचार वर्षं एका बाईंकडे गूछिन शिकले. शिकले म्हणजे बसायला आणि ऐकायला शिकले. वाजवणं अजून यायचंय.

पंपवाले, तुमची चीड मला पटली. पण गूझंगच्या त्या सरसरीला एकदम हसू नका, कारण तिची आजी मोठी घरंदाज आहे. 'वाहतं पाणी' ही गूछिनची रचना १४२५ सालच्या एका स्वरलिपीच्या ग्रंथात आहे. तो मिंग घराण्यातल्या चू छुआन नावाच्या राजपुत्राने सिद्ध केला. राजपुत्र स्वतः ताओपंथाकडे झुकलेला. त्याच्या प्रस्तावनेनुसार 'उंच पर्वत' आणि 'वाहतं पाणी' या मुळात एकच रचना होत्या, पुढे वेगळ्या झाल्या. त्यामागची गोष्ट प्रसिद्ध आहे. बो या वाजवायचा आणि लाकूडतोड्या चुंग झची ऐकायचा. वाजवणाऱ्याच्या मनात पर्वत आला की ऐकणाऱ्याला पर्वत दिसायचा, नदी आली की नदी. जिवलग मित्राला चिनी भाषेत आजही 'सूर ओळखणारा' म्हणतात ते यावरूनच.

पण १४२५ च्या त्या प्रतीत तुम्हाला अपेक्षित असलेली खळखळ नाहीच! ती आली एकोणिसाव्या शतकात. आणली कोणी, तर सिचुआनमधल्या छिंगछंग पर्वतावरच्या चांग खुंगशान नावाच्या ताओ साधूने. त्याने मधे एक अख्खा भाग घातला, ज्यात उजव्या हाताची बोटं सातही तारांवरून पुढे-मागे लाटेसारखी फिरत राहतात. त्या भागामुळे रचनेचं नावच 'बहात्तर लाटांचं वाहतं पाणी' असं पडलं. १८७६ च्या ग्रंथात ती छापली गेली आणि ग्वान फिंगहूंनी जे वाजवलं, जे आज आंतरतारकीय अवकाशात पोचलंय, ते याच घराण्याचं. तेव्हा पाण्याची हुबेहूब नक्कल ही काही पर्यटनखात्याची करामत नव्हे. एका खऱ्याखुऱ्या ताओ साधूलाही तिचा मोह आवरला नाही.

आता माझा अनुभव सांगते. त्या लाटांचा भाग मी तीन महिने घोटला. चांगला दणदणीत वाजायला लागला तेव्हा बाई म्हणाल्या, हळू. मग म्हणाल्या, अजून हळू. रेशमाच्या तारा, त्यात एसी चालू. शेवटी एसीचा आवाज माझ्यापेक्षा मोठा झाला. मला वाटलं आता त्या एसी बंद करतील. केला नाही. 'तो असू दे, तू त्याच्या खालून वाजव,' म्हणाल्या.

'खालून' हा शब्द तेव्हा मला कळला नव्हता.

गूछिनवर एक विचित्र गोष्ट घडते. उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हाताचं बोट तारेवरून घसटत पुढच्या स्वराकडे न्यायचं, आपल्या मींडेसारखं. फरक एवढाच की आवाज विरून गेला तरी बोट थांबत नाही. ते पुढच्या खुणेपर्यंत जातंच. ऐकणाऱ्याला तारेवर कातडीची सळसळ येते, कधी तीही नाही. पण स्वर तिथे पोचलाय हे वाजवणाऱ्याला माहीत असतं, आणि सवय झालेल्या कानालाही. 'महानाद ऐकू येत नाही' असं लाओत्झूच्या एक्केचाळिसाव्या प्रकरणात आहे. मी ते आधी गूढ काव्य म्हणून वाचलं होतं. बोटाला घट्टे पडल्यावर ते तंत्राच्या सूचनेसारखं वाटायला लागलं.

आणि इथेच तुमच्या वाद्यवृंदाची गोची होते. एवढ्या हळू वाजणारं वाद्य ऐंशी माणसांत बसवणार कसं? बसवतच नाहीत. एखाद्या रचनेत घेतलंच तर मायक्रोफोन लावून, खास पाहुणा म्हणून. एरवी गूछिनचं काम गूझंगकडे जातं, तिचा आवाज मोठा आणि बोटं चपळ. म्हणजे पाण्याची सळसळ राहते, आणि ज्या शांततेत ते पाणी शिरायचं ती बाहेर राहते.

मग कान कुठे लावायचा? माझं मत सांगते, चूभूद्याघ्या. वाद्यं पाण्यासारखा आवाज काढतात का याकडे लक्षच देऊ नका. ती एकमेकांशी पाण्यासारखी वागतात का ते बघा.

तुम्ही आहात त्या च्यांगनान भागाचं खास संगीत आहे, त्याला 'रेशीम-बांबू' म्हणतात. रेशीम म्हणजे तारा, बांबू म्हणजे बासऱ्या. पाच-सात माणसं चहाच्या टेबलाभोवती बसतात. शांघायला हूशिनथिंग नावाचं तळ्याच्या मधोमध उभं असलेलं चहाघर आहे, मी तिथे ऐकलंय. सगळे एकच धून वाजवतात, आपापल्या वाद्याच्या चालीने. बासरीने धून नक्षीने भरली की अर्हू आपली नक्षी काढून घेतो आणि साधे लांब स्वर धरतो. पिपाचे (चार तारांचं, छेडून वाजवायचं वाद्य) बोल दाट पडायला लागले की शेंग (नळ्यांचं, तोंडाने फुंकायचं वाद्य) नुसता श्वास घेतल्यासारखी खालून भरत राहते. वाजवणारे याला म्हणतात 'तू दाट, मी विरळ'. कोणी ठरवून देत नाही. तुमच्या भाषेत, जिथे जागा रिकामी होते तिथे पाणी जातं. पत्रिकेतलं ते 'भांडत नाही' मला पहिल्यांदा तिथे ऐकू आलं, आणि त्या दिवशी वाजत असलेल्या धुनेचा पाण्याशी काहीही संबंध नव्हता.

च्वांगत्झू या दुसऱ्या ताओ विचारवंताच्या ग्रंथात एक पोहणारा आहे. ल्यूल्यांगचा धबधबा, कासवं-मासेही टिकत नाहीत असा, आणि हा माणूस त्यात पोहून केस मोकळे सोडून गाणं म्हणत काठावर येतो. कन्फ्यूशियस विचारतो, युक्ती काय? तो म्हणतो, भोवऱ्याबरोबर आत जातो, उसळीबरोबर बाहेर येतो, पाणी जाईल तसा जातो, माझं स्वतःचं काही घालत नाही. त्या चहाघरातले म्हातारे तसेच.

मोठ्या वाद्यवृंदात हे टिकतं का? काही ठिकाणी टिकतं. 'वसंतातल्या नदीवर फुलं आणि चांदणं' अशा अर्थाच्या नावाची रचना जरूर ऐका. मूळ ती पिपाची. १९२५ साली शांघायच्या दाथुंग मंडळींनी समूहासाठी बसवली. प्रत्येक भागाची सुरुवात वेगळी, पण शेवटी तेच एक वळण येतं, कितीही लांब फिरून आलं तरी. पहिल्यांदा ऐकताना ते वळण ओळखून ठेवा. मग तुम्हाला पत्रिका लागणार नाही.

आता तळाबद्दल. लाओत्झूच्या सहासष्टाव्या प्रकरणात आहे की नद्या आणि समुद्र शेकडो ओढ्यांचे राजे होतात, कारण ते खाली राहतात. आणि गंमत बघा, या वाद्यवृंदाला तळच नव्हता! रेशीम-बांबूत खर्जाचं गजाचं वाद्य नसतंच. विसाव्या शतकात मोठे वाद्यवृंद उभे राहिले तेव्हा वरचे सगळे सूर भरले आणि खाली पोकळी. ती भरायला १९५०च्या दशकात एक नवं वाद्य तयार केलं, अर्हूच्या कुळातलं पण चेलोच्या मापाचं. त्याचं नाव आपल्या कानाला 'गहू' असं ऐकू येतं. हसून घ्या. अनेक ठिकाणी तेही मागे पडलं आणि सरळ पाश्चात्त्य चेलो आणि डबल बास बसवले गेले. म्हणजे वाद्यवृंदातला सगळ्यात ताओपंथी कोपरा बाहेरून मागवलेला आहे. मला यात काही वाईट वाटत नाही. पाणी कुठून आलं हे समुद्र कुठे विचारतो?

तुमच्या स्वोनावाल्या रचनेत त्या वेळी खर्ज काय करत होता, आठवतंय का?

आणि वूशीत राहून तुम्ही आबिंगचं नाव घेतलं नाहीत! त्यावर वेगळं लिहीन, भात लावलाय.

---

खडूस_मास्तर

सातवी_तार यांचा प्रतिसाद सुरेख आहे, आणि म्हणूनच थोडी टाचणी लावतो.

पहिलं म्हणजे, पाणी ही ताओवाल्यांची खाजगी मालमत्ता नाही. कन्फ्यूशियसही ओढ्याकाठी उभा राहून 'असंच सगळं जातंय, दिवसरात्र' म्हणाला होता, आणि शहाण्याला पाणी आवडतं हेही त्याच्याच नावावर आहे. चिनी रचनेच्या नावात नदी दिसली की लाओत्झू शोधायचा, हा आपला बाहेरच्यांचा हौशीपणा.

दुसरं. विसाव्या शतकात चीनमध्ये सर्वात जास्त गाजलेलं पाणी कोणतं? पीत नदी. श्यान शिंगहाय यांनी १९३९ मध्ये येनआनला, जपानशी युद्ध चालू असताना, तिच्यावर समूहगान रचलं. पुढे त्यावरूनच पियानो कॉन्चेर्टो झाला. त्यातली नदी गरजते, लढते, लोकांना उठवते. ती भांडायलाच आली आहे. पंपवाल्यांनी तिसऱ्या रांगेत जे ऐकलं ते मला या नदीचं नातवंड वाटतं, वर लाओत्झूचं लेबल.

तिसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताओ म्हणजे शांतता, धुकं, संथ बासरी, ही समजूत कुठून आली कोण जाणे. ताओ पुरोहितांचं खरं विधिसंगीत ऐका. झांजा, घंटा, ढोल, तीच तुमची तिखट स्वोना. वूशी भाग तर त्यांच्या ढोलवादनासाठी नावाजलेला. एक, तीन, पाच, सात अशा विषम मात्रांच्या रचना करून घणघणाट करतात. तेव्हा स्वोना वाजली म्हणून ताओ पळाला असं नव्हे. पळाला असेल तर तो निळ्या दिव्याने.

आणि ते समूहवादनाचं. दाथुंगच्या मंडळींपासून १९५३ च्या रेडिओच्या वाद्यवृंदापर्यंत सगळ्यांपुढे सिम्फनी ऑर्केस्ट्रा होता. विभाग, कंडक्टर, लिहिलेली प्रत्येक मात्रा. त्यात 'तू दाट, मी विरळ' कोण करणार? विरळ केलं तर कंडक्टर डोळे वटारेल.

आपल्याकडे 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळी वाचती' म्हणतो तेव्हा कौतुक लव्हाळ्याचं असतं; पूर हे संकट असतं. लाओत्झूकडे कौतुक थेट पाण्याचंच. तो त्या पुराच्या बाजूने बोलतोय. हे ध्यानात घेतलं की स्वोनांचा राग थोडा कमी होईल.

---

सातवी_तार

मास्तर, पाणी सगळ्यांचं, हे मान्य. विधिसंगीताबद्दलही शंभर टक्के मान्य; मी मुद्दाम टाळलं होतं, कारण मला तो घणघणाट सहन होत नाही. हा माझा दोष, ताओचा नव्हे.

पण कंडक्टरबद्दल थोडी असहमत. १९९३ मध्ये हूपेई प्रांतात क्वोत्येन इथल्या एका थडग्यात बांबूच्या पट्ट्या सापडल्या. त्यांवर लाओत्झूच्या मजकुराबरोबर एक छोटा मजकूर आहे: आदितत्त्वाने पाणी जन्माला घातलं. पाणी उलटून त्याच आदितत्त्वाच्या मदतीला आलं, आणि त्यातून आकाश झालं. मग आकाशही उलटून मदतीला आलं आणि पृथ्वी झाली. मला हे 'उलटून मदतीला येणं' फार आवडतं. जन्मलेली गोष्ट आपल्या वाटेने निघून जात नाही, मागे वळून हात लावते. लिहिलेल्या संगीतातही असे क्षण येतात. एखादा चांगला कंडक्टर हात खाली सोडतो आणि अर्हूंचा ताफा बासरीकडे बघून स्वर आखडता घेतो. ते कागदावर नसतं.

आता आबिंग. पंपवाले, खरं नाव ह्वा यानचुन, जन्म १८९३ चा. वडील वूशीतल्या लेइत्सुन देवळाचे ताओ पुरोहित, आणि पुढे तो स्वतःही. दृष्टी गेली, देऊळ सुटलं, रस्त्यावर वाजवून पोट भरायची वेळ आली. १९५० च्या उन्हाळ्यात यांग यिनल्यू आणि त्साओ आन्ह हे दोघे अभ्यासक तारेवर ध्वनी उमटवणारं यंत्र घेऊन त्याच्याकडे गेले. त्याच्याकडे धड वाद्यही नव्हतं, उसनं आणावं लागलं. सहा तुकडे मुद्रित झाले, तीन अर्हूचे आणि तीन पिपाचे. पुन्हा येऊ म्हणून ते गेले, आणि डिसेंबरात आबिंग वारला.

त्यातला एक म्हणजे 'दुसऱ्या झऱ्यातलं चंद्रबिंब'. आज चीनमध्ये तो माहीत नसलेला माणूस सापडणार नाही. पुढे मोठ्या वाद्यवृंदासाठीही तो बसवला गेला. मास्तरांना आवडेल अशी गोष्ट: मुद्रण झालं तेव्हा त्या धुनेला नाव नव्हतं. विचारल्यावर ठरलं. म्हणजे पाणी मागून आलं! आणि पुढची बरीच वर्षं आबिंगची ओळख 'आंधळा लोककलावंत' अशीच करून दिली गेली; पुरोहित हा शब्द गाळून.

तरीही मी म्हणेन की त्या धुनेत पाणी आहे. आजचा अर्हू डी-ए वर लावतात. आबिंगने जाड तारा जी-डी वर लावल्या होत्या, म्हणजे अख्खा पंचम खाली. दोन तारांच्या त्या एवढ्याशा वाद्याने जाता येईल तितकं खाली जाऊन तो वाजवतोय. आता ही धून वाजवायला खास जाड तारांचा अर्हू वेगळा मिळतो, त्याला त्या झऱ्याचंच नाव आहे.

झरा तुमच्या गावात आहे. बघून या.

---

पंपवाला

सगळ्यांना दंडवत. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण मधे एक पंप बसला. (बसवला नव्हे. बसला.)

आधी खर्जाबद्दल. आठवत नाही. लक्षच दिलं नव्हतं. गहू मागे उजवीकडे होते एवढं आठवतंय, आणि त्यांच्यासमोर एक ऊस पिळल्यासारखा चेहरा करून वाजवणारा गृहस्थ.

रविवारी शिफूंना म्हटलं झरा दाखवा. ह्वेईशान टेकडीच्या पायथ्याशी बाग आहे, आबिंगची समाधीही तिथेच. झऱ्याचं नाव 'आकाशाखालचा दुसरा झरा', कारण थांग काळातल्या लू यू नावाच्या चहाच्या जाणकाराने चहासाठी चांगल्या पाण्यांची क्रमवारी लावली आणि याला दुसरा नंबर दिला. मी पहिला कुठे म्हणून विचारलं तर शिफू म्हणाले, पहिल्यावर कोणी गाणं केलं नाही.

तीन टाकी आहेत. वरचं अष्टकोनी, त्याला लागून चौकोनी, आणि खाली एक मोठं, ज्यात दगडी मुखातून पाणी पडायची सोय. मी माझ्या सवयीने पातळीतला फरक बघितला. फार नाही. त्या दिवशी पाणी जवळजवळ हलत नव्हतं. मला वाटलं होतं खळखळ असेल, निदान थेंब तरी. अर्धा तास बसलो. शेवाळाचा वास आणि शाळेच्या सहलीचा आरडाओरडा.

मग तिथेच कानात घालून १९५० चं मुद्रण लावलं. खरखर आहे, तव्यावर मोहरी टाकल्यासारखी. पहिल्यांदा फक्त तीच ऐकू आली. बाईंचा एसी आठवला, म्हणून दुसऱ्यांदा खरखरीच्या खालून ऐकायचा प्रयत्न केला. धून गोल गोल फिरते, तेच परत येतं, प्रत्येक वेळी थोडं जास्त भरून. मधे एका ठिकाणी खूप वर चढते आणि मला वाटलं आता फुटणार, स्वोनांसारखं. फुटत नाही. गज पुरतो तेवढं ताणून परत खाली येतो. शेवटचा स्वर कुठे संपला आणि खरखर कुठे सुरू झाली, ते तीन वेळा मागे नेऊनही सापडलं नाही.

शिफूंना एक कान दिला होता. ते म्हणाले, 'माझा अर्हू मी असा खाली लावला तर बागेत कोणी थांबणार नाही.' मग थोड्या वेळाने, 'तार जाड पाहिजे पण.' सोमवारी वर्कशॉपमध्ये कागदावर तारांचे नंबर लिहून घेऊन आले आणि मला ऑनलाइन मागवायला लावल्या.

मास्तर, पुराच्या बाजूने बोलणारं पाणी हे डोक्यातून जात नाहीये. त्या पात्याकडे आता बघताना थोडं पक्ष बदलल्यासारखं होतं.

पुढची मैफल येत्या शनिवारी. तिकीट या वेळी मी काढलंय, शिफूंचंही. तिसरी रांग नको म्हटलं. मागची उजवीकडची मिळाली, गव्हांच्या बाजूची.